ज्यांना देऊ नये त्यांची यादी

टॉरसवीक, शुक्रवार, २ सप्टेंबर १९५५

प्रिय गुनवोर,

तुझे बाबा सोमवारी दुपारच्या बसने परत आले. त्यांना माझ्याकडेच ठेवून घेतलं आहे, स्वयंपाकघरावरच्या खोलीत. वजन उतरलं आहे. सुधारगृहात चौदा महिने सुतारकाम केल्यामुळे हात मात्र शाबूत आहेत. पिशवी खाली ठेवायच्या आधी त्यांनी माझ्या खिडकीच्या चौकटीत नख रुतवून पाहिलं आणि म्हणाले, "सिग्ने, ही कुजली. तू भाषणं देत होतीस, तोवर पावसानं काम उरकलं."

तुझ्याकडून उत्तर येणार नाही हे धरूनच मी लिहिते. आता त्याचं काही वाटत नाही. उलट लिहिणं सोपं जातं.

दारूची पुस्तकं बंद होणार हे तू स्टॉकहोममध्ये वाचलं असशील. छत्तीस वर्षं या देशात माणसाला दारू हवी तर पुस्तक दाखवावं लागे. महिन्याला तीन लिटर, आणि प्रत्येक बाटलीला दुकानाचा शिक्का. नीट न वागणाऱ्याचं पुस्तक आमचं संयम मंडळ काढून घेई. एक ऑक्टोबरपासून हे सगळं संपणार. ज्याला हवी त्याने जावं आणि हवी तेवढी घ्यावी.

काल लोकगृहात यावर सभा झाली. दोनशे माणसं होती. मी पाऊण तास बोलले. म्हटलं, "स्वातंत्र्यावर लिहिणारे थोर लोक मी सगळे वाचले आहेत. माणसाने स्वतःचं नुकसान करून घ्यायलाही मोकळं असावं, असं ते लिहितात. ते लिहीत असताना त्यांच्या स्वयंपाकघरात कोण बसलं होतं, हे मात्र त्यांनी कुठेच लिहिलेलं नाही! पुलाला कठडा असतो तो काय पोहता येणाऱ्यांचा अपमान करायला? कठडा दुबळ्यांसाठी असतो, आणि आपल्यापैकी दुबळा कोण हे अंधार पडेपर्यंत कुणालाच ठाऊक नसतं!" टाळ्या बराच वेळ चालल्या. पूर्वी अशा वेळी मी भारावून जायचे. काल मी पाण्याचा पेला उचलला, प्यायले, आणि पेल्यावर कुणाच्या तरी बोटांचे ठसे आहेत एवढंच मला दिसलं.

तुझे बाबा शेवटच्या रांगेत बसले होते. घरी येताना म्हणाले, "छान बोललीस. मलासुद्धा पटलं. फक्त तू 'दुबळे' म्हणालीस ना, तेव्हा पुढच्या सगळ्या रांगा वळून माझ्याकडे बघायला लागल्या. मी हात हलवला."

आत्या


सोमवार, १२ सप्टेंबर

प्रिय गुनवोर,

तुझे बाबा जेवतात नीट. हेरिंग मासे आणि बटाटे, त्यावर आंबट साय. चौकटीचं नवं लाकूड आणलं आहे. रंधा मारताना गुणगुणतात, मी आत आले की थांबतात.

पुस्तकं गेली तरी एक गोष्ट आम्हाला मिळाली आहे. ज्यांना दारू विकू नये अशा लोकांच्या नावांची यादी मंडळाने दुकानाला द्यायची. अध्यक्ष डॉक्टर वेस्टमान यांनी ती माझ्याकडे सोपवली. "तुम्ही अर्ध्या गावाला लिहायला शिकवलंय," ते म्हणाले, "नावांच्या चुका तरी होणार नाहीत."

गेले आठ दिवस लोक माझ्या स्वयंपाकघरात येऊन नावं देत आहेत. मी कॉफी ठेवते. लोक आधी हवापाण्याचं बोलतात, मग मासळीचं, आणि तिसऱ्या कपाला नाव सांगतात. लाकूड गिरणीचा मुकादम ओल्हागेन एकदम सहा नावं घेऊन आला. मी विचारलं, "यांच्या घरच्यांना विचारलंत का?" तर म्हणाला, "घरच्यांचं मला काय करायचंय? सोमवारी करवतीपाशी सहा माणसं हवीत, प्रत्येकी दहा बोटांसकट." त्यातली चार नावं मी घेतली.

हिल्मा आली होती, धोबीघरातली. तुला कपड्यांच्या गाडीत बसवून फिरवायची ती. नवऱ्याचं नाव द्यायला आली. मी तिला म्हटलं, हिल्मा, तू स्वतः त्याला सांगून पाहिलंस का?

"बाई, तुम्ही पुस्तकं लई वाचता," ती म्हणाली. "मी नाही म्हटलं तर तो मला मारतो. सरकार नाही म्हटलं तर तो सरकारला शिव्या देतो. सरकारला लागत नाही."

मी नाव लिहिलं.

सगळ्यात शेवटी तोर्ग्नी आला, बंदरात दोरखंड वळतो तो. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि बराच वेळ टोपीशीच खेळत बसला.

"कुणाचं नाव, तोर्ग्नी?"

"माझं."

"तुझं? तुझ्याबद्दल तर कुणाची तक्रार नाही."

"होईल ना. तीन लिटर आहेत म्हणून मी तीन लिटरला थांबतो. थांबायला जागा आहे म्हणून. एक तारखेपासून मी कुठे थांबू, सांगा? आणि बायकोला कळू देऊ नका. तिला वाटतं मी मनाचा खंबीर आहे."

तो हसला, मीही हसले. नाव लिहिलं. एवढी वर्षं मी व्यासपीठावरून जे सांगते ते या माणसाने टोपी चुरगाळत दोन वाक्यांत सांगितलं. त्याचा मला अभिमान वाटायला हवा होता, किंवा हेवा तरी.

डॉक्टरांनी विचारलं, "आणि एवर्टचं काय?" मी म्हटलं, आठवडाभर द्या.

आत्या


शनिवार, २४ सप्टेंबर

प्रिय गुनवोर,

मंगळवारी, म्हणजे वीस तारखेला, तुझ्या बाबांनी माझ्याकडे एक गोष्ट मागितली. आल्यापासूनची पहिलीच. भांडी विसळत होते. पाठमोरेच म्हणाले, "यादी तुझ्याकडे आहे असं ऐकलं. माझं नाव घालू नकोस."

मी म्हटलं, "का? प्यायची आहे?"

"नाही. पहिल्या तारखेला दुकानात जाईन. रांगेत उभा राहीन. माझी पाळी आली की म्हणेन, 'आज काही नको.' आणि घरी येईन."

"मग जायचंच कशाला? घरी बसून नको म्हण."

"घरी कोण विचारतंय? अगं, चाळीस वर्षांत माझ्या वतीनं सगळे नको म्हणाले. बायको म्हणाली, मुकादम म्हणाला, मंडळ म्हणालं, तू तर व्यासपीठावरून म्हणालीस. एकदा मला माझ्या तोंडानं म्हणू दे. जमतंय का बघू दे."

"आणि नाही जमलं तर?"

"तर तू आहेसच की, मास्तरीणबाई. कुठे पळून जातेस?"

मी म्हटलं, बरं, नाही घालत.

गुनवोर, नाव मी तेरा तारखेलाच दिलं होतं. डॉक्टरांकडे आठवडा मागितला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी यादी पूर्ण करून स्वतः नेऊन दिली. तुझ्या बाबांना हो म्हणताना मला वाटलं, उद्या जाऊन नाव काढून घेईन. बुधवारी शाळा होती. गुरुवारी मी दवाखान्यापर्यंत गेले आणि डॉक्टरांच्या दारावरची पितळी पाटी वाचून परत आले.

आता लिहायलाच बसले आहे तर उरलेलंही लिहिते. तू गेलीस ती बाबांना सुधारगृहात पाठवा असा मी मंडळाकडे अर्ज केला म्हणून. मध्य-उन्हाळ्याच्या सणाच्या दिवशी बाबांनी दंगा केला, म्हणून आत्याने नाइलाजाने सही केली, असं तुला सांगण्यात आलं. ते मीच सांगितलं होतं.

दंगा झाला नव्हता.

माझ्या नावावर दारूचं पुस्तक होतं. लग्न झालेल्या बायकांना मिळत नाही, माझ्यासारखीला थोडं मिळतं, तीन महिन्यांना एक लिटर. मी ते जिल्ह्याच्या गावी काढलं होतं, इथे कुणाला कळू नये म्हणून. तुझ्या बाबांचं पुस्तक मंडळाने काढून घेतलं, त्या ठरावाला अनुमोदन माझं होतं. आणि नंतर मीच त्यांना माझ्या बाटलीतून देत होते. रविवारी जेवणानंतर एक छोटा पेला. आठवडाभर कामाला गेले असतील तर बुधवारी आणखी एक. बाटली माझ्या कपाटात असे. वाईट दिवस नव्हते ते. दर रविवारी यायचे, नखं घासून, स्वच्छ सदरा घालून. माझ्याशी तासभर बोलत बसायचे. मी काय वाचते ते विचारायचे.

त्या सणाला मी सभेहून परत आले तर ते टेबलाशी बसले होते. कपाट उघडं होतं. दोन पेले घेतले होते आणि बाटली जागच्या जागी परत ठेवली होती. मला बघून म्हणाले, "आज सण आहे म्हणून विचारलं नाही." आवाजही चढवला नाही. मी टोपीसुद्धा न काढता डॉक्टरांकडे गेले आणि अर्जावर लिहिलं, 'घरात दंगा, नातलगाच्या जिवास धोका.' नातलग म्हणजे मी.

चौकशीत त्यांना विचारलं, दारू कुठून आणली? ते एक वाक्य बोलले असते तर माझी शाळा गेली असती, मंडळ गेलं असतं, सगळं. ते म्हणाले, "आठवत नाही." आणि चौदा महिने त्यांना आठवलं नाही.

हे लिहिताना ओळी वाकड्या होतील असं वाटलं होतं. अक्षर नेहमीसारखंच आलं आहे, तू बघशीलच.

आत्या


सोमवार, ३ ऑक्टोबर

प्रिय गुनवोर,

शनिवारी दुकान दहाला उघडणार होतं. साडेनऊलाच रांग कोपऱ्यावरच्या बेकरीपर्यंत गेली. लोक चर्चला जातात तसे कपडे करून आले होते. हसत होते. एकाने सायकलला फुगा बांधला होता. मंडळातर्फे मी समोरच्या फूटपाथवर उभी होते, पत्रकं वाटायला. कुणीतरी ओरडलं, "बाई, आज तुम्हीपण घ्या एक, पुस्तक लागत नाही!" सगळे हसले. मीही हसले.

तुझे बाबा रांगेत चाळिसावे असतील. दाढी केली होती, काळी हॅट घातली होती, तुझ्या आईच्या अंत्यविधीची. माझ्याकडे बघून त्यांनी हॅटला बोट लावलं. तेव्हाही मी रस्ता ओलांडू शकले असते. त्यांना बाजूला घेऊन सांगू शकले असते. रस्ता काही फार रुंद नाही.

त्यांच्यापुढे पाच-सहा माणसं उरली तेव्हा मी पत्रकं हातात घेऊनच आत गेले आणि दाराशी उभी राहिले. तोर्ग्नी त्यांच्या पुढे होता. विक्रीच्या खिडकीतला तरुण यादीवर बोट फिरवून हळूच म्हणाला, "तोर्ग्नी, तुम्हाला देता येत नाही." तोर्ग्नी मोठ्याने म्हणाला, "काय हा अन्याय!" आणि वळताना मला डोळा मारला. इतका हलका चेहरा मी त्याचा कधी पाहिला नव्हता. शिट्टी वाजवत गेला. (काल त्याने माझ्या दाराला दोन मोठे मासे अडकवून ठेवले होते.)

मग तुझे बाबा. त्यांनी हॅट काढली. तोंड उघडलं. पाठ करून आले होते, ओठ हलताना मला दिसले.

त्यांच्या आधी तो तरुण म्हणाला, "एवर्ट, सॉरी हं. तुम्हालाही नाही."

"पण मी अजून मागितलंच नाही," ते म्हणाले.

"हो, पण यादीत नाव आहे ना."

"मला नकोच होती. मी तेच सांगायला आलो होतो."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. मग आणखी दोघं. "तेच सांगायला आला म्हणे! दोन तास उभा राहून!" आता रांगभर हशा पिकला. तरुण गोरामोरा झाला. "बरं, बरं. मग झालं तर," तो म्हणाला, "पुढचे?"

तुझे बाबा वळले. मी दाराशीच होते. माझ्या हातातलं एक पत्रक त्यांनी घेतलं, नीट घडी करून खिशात ठेवलं आणि घरी गेले.

दिवसभर चौकटीचं काम करत होते. संध्याकाळी कॉफी पिताना म्हणाले, "कधी दिलंस?"

"तेरा तारखेला."

"आणि हो कधी म्हणालीस?"

"वीसला."

"म्हणजे हो म्हणताना तुला माहीत होतं."

"हो."

त्यांनी साखरेचा खडा दातात धरून कॉफी संपवली. माझ्यावर ओरडतील म्हणून मी थांबले होते. भाषणाच्या आधी थांबते तशी. ते म्हणाले, "चौकटीला तेलाचा अजून एक हात लागेल. वाळू दे आधी."

हिल्माचा नवरा घरी हात हलवत गेला. त्याने सरकारला शिव्या दिल्या, बादली लाथाडली आणि झोपला. हिल्माने मला हे रस्त्यात सांगितलं. सांगताना रडत होती आणि माझा हात सोडत नव्हती. एकाच यादीतली तीन नावं. यादी चूक होती असं मला म्हणता येत नाही, गुनवोर. तशी ती चूक असती तर बरं झालं असतं.

आत्या


जिल्ह्याचं गाव, बसस्थानक, सोमवार, १७ ऑक्टोबर

प्रिय गुनवोर,

तुझ्या बाबांना आत्तापर्यंत तुझ्याकडे येऊन चार दिवस झाले असतील. तू त्यांना पत्र लिहिलंस हे त्यांनी मला जाताना सांगितलं, बस दिसायला लागल्यावर. "पोरीनं बोलावलंय," म्हणाले. मी म्हटलं, "जा." एवढंच बोलणं झालं. चौकट चांगली झाली आहे, वारा येत नाही.

तुला एक ठाऊक नसेल. यादीतला माणूस गाव सोडून गेला की त्याचा नवा पत्ता मंडळाने तिकडच्या मंडळाला कळवायचा असतो, म्हणजे तिथल्या दुकानांतही त्याचं नाव जातं. शुक्रवारी बैठक होती. डॉक्टरांनी कागद पुढे ओढला आणि म्हणाले, "एवर्ट. स्थलांतर. सिग्नेबाई, नवा पत्ता?"

तुझा पत्ता मी गेल्या सव्वा वर्षात पाकिटांवर इतक्यांदा लिहिला आहे की डोळे मिटून लिहीन. रस्ता, घर क्रमांक, अंगणातला जिना, तिसरा मजला.

मी म्हटलं, "माहीत नाही."

डॉक्टर चष्म्यावरून बघत राहिले. "सख्ख्या भावाचा?"

"नाही माहीत. सांगून गेला नाही."

चिटणिसाने ते इतिवृत्तात लिहिलं आणि वाचून दाखवलं: 'भावाचा पत्ता बहिणीस ठाऊक नाही.' मग आम्ही पत्रकांच्या छपाईखर्चाच्या विषयाकडे वळलो.

मला स्वातंत्र्य पटलं असं मात्र समजू नकोस. उद्या कुणी व्यासपीठ दिलं तर मी तेच बोलेन, आणि त्यातला शब्द न् शब्द खरा असेल. हिल्मा खरी आहे, तोर्ग्नी खरा आहे. एक गोष्ट तेवढी मी कधी बोलले नव्हते. लोक कायदा मागतात ते माणूस मूर्ख आहे असं वाटतं म्हणूनच असं नाही. आपल्याच माणसाला तोंडावर नाही म्हणायचं, आणि मग त्याच्याबरोबर बसून जेवायचं, हे फार जड जातं. म्हणून आपण सरकारला पुढे करतो. मी तर त्याहून पुढे गेले. सरकारच्या मागे उभी राहून हो पण मीच म्हणत होते आणि नाही पण मीच. दर रविवारी घासलेली नखं बघायला मिळायची, त्यासाठी.

बैठकीला पोस्टमास्तर सेल्मानसुद्धा होते. ते मंडळाचे सभासद आहेत हे मी कधी लक्षातच घेतलं नव्हतं. माझं प्रत्येक पाकीट त्यांच्याच हातून वजन होऊन तुझ्याकडे गेलं आहे. इतिवृत्त वाचत होते तेव्हा ते पाइप कोरत होते. बैठक संपल्यावर जिन्यात माझ्या शेजारून उतरत म्हणाले, "सिग्नेबाई, स्टॉकहोमला तुमची भाची असते ना?"

मी हातमोजे चढवत राहिले.

"असते, असते," ते म्हणाले. "तिला पत्रं जातात, ती मी बघतो. आजपर्यंत त्यात विशेष काही नव्हतं. आता गेली तर वरचा पत्ता मला दिसेल, आणि दिसला तर मला मंडळाला सांगावा लागेल. मी शपथ घेतलेली आहे, तुमच्यासारखीच." मग दार उघडून धरलं आणि म्हणाले, "तेव्हा माझ्याकडे काही येऊ देऊ नका, बाई."

म्हणून हे शेवटचं. बसने इथवर येऊन टाकते आहे. दर वेळी येणं जमायचं नाही, लोक विचारतात. आणि इतिवृत्तात लिहिलेलं खरं ठेवायचं तर दुसरा मार्ग दिसत नाही. उत्तर लिहू नकोस. एरवीही लिहीत नव्हतीस, तेच चालू ठेव.

बस सुटायला दहा मिनिटं आहेत. तुला काही सांगायचं राहिलंय का बघते. त्यांना सकाळी राय धान्याची कडक भाकरी लागते, मऊ पाव चालत नाही. जिन्यावर दिवा असू दे, उजव्या डोळ्याला कमी दिसतं. शनिवारी दुपारी दुकान बंद व्हायच्या सुमाराला त्यांना एकटं

नाही. ते तुमचं तुम्ही बघा.

तुझी आत्या,
सिग्ने